वाघाने द्यायचं उत्तर

लढाई चालू होती आणि मी मुंबईच्या एका हापिसात कारकून झालो होतो. कारकून नेमकं काय करतो हे आमच्या गावात, शेणव्यात, कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिथे माझा रुबाब शाबूत होता. दिवाळीची सुट्टी वाघबारशीपासून मिळाली. कोट चढवला, आसनगावला उतरलो आणि सापगावच्या रस्त्याची धूळ खात चार वर्षांनी गावात पोचलो. आईवडील गेल्यापासून गावात माझे म्हणावे असे दोन दोस्तच उरले होते. लहानपणी आम्ही तिघांनी गावाची गुरं राखली होती, म्हणजे गुरं डोंगरात सोडून झाडाखाली झोपलो होतो.

एक दोस्त बोलका. त्याने माझा कोट चिमटीत धरला. "उकडत नाय काय रे?"

उकडत होतं. पण कबूल कोण करतो!

दुसरा अबोल. तो मला थेट गोठ्यात घेऊन गेला. त्याची एकुलती एक गाय गाभण होती. आदल्या वर्षीची वाघाने नेली, तेव्हापासून त्याच्या पोरांनी दूध पाहिलं नव्हतं. "हिला काय होऊ नये, बस," तो म्हणाला. चार वर्षांनी भेटलेल्या मित्राची विचारपूस ती एवढीच. मी मनातल्या मनात फुगून बसलो.

आमच्याकडे वाघबारशीला घरोघर तांदूळ-गूळ मागून शिवेवरच्या वाघोबापुढे खीर शिजवतात. मग एकाला वाघ करतात आणि विचारतात, "आमच्या शिवारात येशील का?" वाघाने तीनदा "नाय येनार" म्हणायचं आणि सगळ्यांनी त्याला आरडाओरडा करत शिवेपार पिटाळायचं. की वर्षभर खरा वाघ गुरांना शिवत नाही. खऱ्या वाघाला हा करार कोण कळवतं, याची चौकशी मी कधी केली नाही. आदल्या वर्षीचा वाघ म्हणे हळू बोलला होता, म्हणून गाय गेली.

"औंदा तूच वाघ हो," बोलका म्हणाला. "मुंबईत राहून आवाज चढला आसंल तुझा."

तोंडावर राखेचे पट्टे ओढले. कोट मात्र मी काढू दिला नाही. कोटातला वाघ शेणव्याने पहिल्यांदाच पाहिला असेल. खीर ओरपून मी उभा राहिलो. विचारायला अबोल दोस्तच पुढे आला, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून.

"येशील का रे आमच्या शिवारात?"

त्याने इतक्या कळकळीने विचारलं की मला वाटलं, हा मलाच विचारतोय. चार वर्षांत तसं कुणी विचारलं नव्हतं. मला भरून आलं.

"येईन ना! दर दिवाळीला येईन!"

ढोल थांबला. बायकांचे पदर तोंडाला गेले. भगत म्हातारा मटकन खाली बसला. "वाघानं हो म्हटलं," तो पुटपुटला. अबोल दोस्त वळला आणि गोठ्याकडे धावत सुटला.

भगताने निकाल दिला: उद्या सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी बोलक्याबरोबर मीच दारोदार तांदूळ मागितले. बायका मूठभर तांदूळ घालत आणि माझ्याकडे असं बघत, जणू त्यांची वासरं माझ्याच पोटात आहेत. कोट घरी ठेवला होता. अबोल दोस्ताने पुन्हा विचारलं. मी घसा फुटेस्तोवर तीनदा ओरडलो, "नाय येनार!" मग ढेकळं सुरू झाली. सगळ्यात नेम धरून मारत होता तोच. शिवेपार पोचल्यावर त्याने हातातलं ढेकूळ टाकलं, माझ्या पाठीवरची माती झटकली आणि हळूच म्हणाला, "आता तुला इचारतो. पुढच्या दिवाळीला येशील ना रे?"

"येईन," मी म्हणालो.

पुढची दिवाळी सरल्यावर बोलक्याने कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. गाईला कालवड झाली होती, पोरं दूध पीत होती, वर्षभर वाघ शिवारात फिरकला नव्हता.

मीही नाही.