आमचा दिलीप आणि मुठ्यांचा रस्सा

"ताई, यांचा घसा आवळलाय, बोलता येत नाय..." किन्हवलीहून भावजय संगीताचा फोन आला तेव्हा मी शहापूरला घरीच होते. धावतपळत दवाखान्यात पोचले, मागोमाग त्याला घेऊन गाडी आली, पण माझा धाकटा भाऊ दिलीप वाटेतच गेला होता... भाताच्या आवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस. पायांना अजून चिखल तसाच होता.

दिलीप खाण्याचा भारी शौकीन. शेतातले मुठे, म्हणजे बांधातले खेकडे, त्याला लहानपणापासून सोसत नसत. ओठ खाजायचे, अंगावर गांधी उठायच्या, थोड्या वेळाने सगळं निवळायचं. आई ओरडली की म्हणायचा, "आये, एवढ्या खाजेनं कोण मरतं गो?" आणि नांगी चोखत बसायचा. असा हट्टी, असा गोड. लग्न झाल्यावर संगीताच्या मागे लागून रस्सा करून घ्यायचा. त्या दिवशीही घेतला.

म्हणून गावाने बोट दाखवलं ते तिच्याकडे. "म्हायती असून खायाला घातला हिनं," हे जलदान विधीच्या दिवशी मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हापासून डॉक्टरांनी समजावलेलं मी दारोदार सांगतेय. त्या दिवशी त्याच्या अंगात कणकण होती. त्यात आपल्याकडे सगळेच करतात तसं, कंबर धरू नये म्हणून चिखलात उतरायच्या आधीच त्याने दुखण्याची गोळी घेतली. वर रस्सा खाऊन भरल्या पोटी वाकून आवणी. ताप, गोळी, अंगमेहनत... एरवी खाजेवर भागायचं ते या तिन्हींनी भडकवलं. दरवेळी निभावलं म्हणजे पुढेही निभावेल असं नसतं, अशा माणसाने ते खायचंच नाही, असं डॉक्टर म्हणाले. सांगून सांगून माझं तोंड दुखलं बाई! लोक माना डोलावतात आणि संगीताच्या हातचा चहा नको म्हणतात. राग येतो, मग रागाचाही कंटाळा येतो.

परवा गेले तर संगीता थंड चुलीपुढे बसली होती. "भूक लागलीय, भाकरी टाक," म्हटलं.

"नको ताई, माझ्या हातचं..."

"टाक म्हणते ना!"

तिने रडत रडत परात ओढली. पहिली भाकरी जरा करपू दिली, दिलीपला आवडायची तशी, आणि सवयीने बाजूला झाकून ठेवली. मग लक्षात आलं तिच्या... हात तिथेच थांबला. मी ती भाकरी उचलली, बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.