हेल्वीची करवत, रेइनोची पट्टी

हेल्वी किन्नुनेन मला कधीच आवडली नाही. कुंपणाला कुंपण लागून, म्हणून बोलणं भाग. तिची कॉफी पाणचट, जीभ तिखट, आणि माझ्या राय नावाच्या धान्याच्या पावाला ती दर ख्रिसमसला नावं ठेवायची. पण तिचा दीर रेइनो तिच्याहून नालायक निघाला, त्यामुळे मला झक मारत तिच्या बाजूनं उभं राहावं लागलं.

तिच्या नवऱ्याला, एइनोला, पुरून आलो त्याच दिवशीची गोष्ट. कॉफी झाली आणि रेइनो उठून तिच्या शेडमध्ये गेला. परतला तो एइनोच्या यांत्रिक करवतीची लांब पोलादी पट्टी आणि तिच्यावरून फिरणारी चेन, दोन्ही काढून घेऊन. सगळ्यांदेखत.

“ही मी घेऊन दिली होती,” तो म्हणाला. “मशीन तुझं. ते राहू दे.”

“नुसत्या मशीननं काय सूप ढवळू?”

“तुला हवीय कशाला करवत? गावात फ्लॅट घे. तिथं लाकडं लागत नाहीत. हे घर मी घेतो.”

मेल्याच्या मनात तेच होतं. आमच्या गारठ्याच्या कायनू प्रांतात हेल्वीचं घर तापतं ते लाकडावर, आणि उन्हाळ्याआधी बर्चची झाडं तोडून वाळत घातली नाहीत तर पुढच्या हिवाळ्यात घर सोडण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसऱ्या आठवड्यात हेल्वी माझ्या दारात. “गाडी काढ,” एवढंच म्हणाली. मांडीवर करवत घेऊन माझ्या शेजारी बसली आणि माझाही स्कर्ट तेलानं माखला. सॉरी वगैरे शब्द तिच्या घराण्यातच नव्हते.

दुकानदार पेंट्टी उखडला. “जुनी पट्टी कुठंय? मापं तिच्या बुडाशी लिहिलेली असतात.”

“चोरानं नेली.”

“मग ही पट्टी घे, आणि ही चेन. सगळ्यांना बसते.”

“सगळ्यांना बसणारी वस्तू कुणालाच धड बसत नाही. झाकण उघड.”

त्यानं करवतीचं झाकण उघडलं. आतल्या दातेरी चाकात हेल्वीनं स्वतः चेन घालून फिरवली. दात चाकात नीट पडले. मग तीच चेन तिनं नव्या पट्टीच्या खोबणीत बसवली आणि बोटानं हलवली. चेन डावी-उजवीकडे कलली.

“डुलतेय.”

“थोडी डुलतेच.”

“डुलणारी चेन वाकडं कापते. माझा नवरा वाकडा होता, त्याची करवत नव्हती. जाड कडीची दे.”

मागं रांगेतले लोक खाकरायला लागले. जाड चेन खोबणीत घट्ट बसली, पण एका कडीनं आखूड, पट्टीवर चढेना. पेंट्टीनं तिसरी आणून काउंटरवर आपटली. ती चढली, ताणली, हातानं गरगर फिरली. हेल्वीनं आभारही मानले नाहीत. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण बर्फ वितळायच्या आत तिचे बर्च आडवे झाले, आणि ऐन उन्हाळ्यातल्या सणाला तिच्या भिंतीशी लाकडांची रास छातीपर्यंत आली. रोज येता-जाता रेइनो ती बघायचा आणि तोंड फिरवायचा. मला त्याचा फार आनंद व्हायचा.

ऑगस्टात वादळ झालं. सकाळी मी हेल्वीकडे तिची पाणचट कॉफी पीत बसले होते, तर रेइनो चालत आला, चिखलानं भरलेला.

“वाटेवर झाड पडलंय. दुधाचा टँकर पलीकडे अडकलाय. माझ्या गोठ्यातली टाकी भरलीय, दूध ओतून द्यावं लागेल. तुझी करवत दे.”

हेल्वी उठली. करवत आणली, दोन नट सोडवले, पट्टी आणि चेन काढून मांडीवर घेतली आणि नुसतं मशीन त्याच्यापुढं धरलं.

“घे. बाकीचं तुझ्याकडे आहे.”

“ती... ती तुटली.”

“एवढी चांगली पट्टी? कशानं?”

“माझ्या करवतीला लावून पाहिली. मापच वेगळं. चेन तुटली, पट्टी पिरगळली, माझ्या करवतीच्या चाकाचेही दात गेले.”

मला हसू आवरेना, आणि मी आवरलंही नाही. रस्त्याकडून टँकरचा भोंगा वाजला, लांबलचक.

“हेल्वी, गाई धारेला उभ्या आहेत. दूध जाईल सगळं.”

हेल्वीनं माझा कप भरला, मग स्वतःचा.

“गावात फ्लॅट घे, रेइनो,” ती म्हणाली. “तिथं दूध खोक्यात मिळतं.”