प्रल्हादच्या टेबलावरचं बोर्ड

मंगळवार, तारीख एकोणीस, सकाळी साडेनऊ. हजर: मी आणि वायरिंग करणारे रहीमभाई. गैरहजर: प्रल्हाद. आदिलाबादच्या आमच्या वर्कशॉपात माणसं तीनच, तरी मी रोज हजेरी लिहिते. वही मिटतच होते तेवढ्यात त्याच्या गावाहून, बेल्याहून, त्याच्या मोठ्या भावाचा फोन आला. "ताई, प्रल्हाद सकाळी उठलाच नाही... डॉक्टर येऊन गेले." वय बेचाळीस. मी शटर ओढलं आणि रहीमभाईंच्या मोटरसायकलवर बसून बेल्याला निघाले. त्याला आता पाच आठवडे झाले.

प्रल्हाद मला पॉलिटेक्निकमध्ये भेटला. मी तिथल्या लॅबचं सामान सांभाळायचे, तो विद्यार्थी. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबलेले, वडील बेल्याच्या शाळेत शिक्षक, आणि हा सुट्टीतही लॅबमधलं मोडकं सामान मागायला यायचा. मी प्रत्येक वस्तूसाठी सही घ्यायचे. "ताई, कचऱ्यालेही सही लागते का?" असं चिडवायचा, पण करायचा. पुढे त्यानं स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा मलाच बोलावलं. "तुमी याद्या करा, बाकी मी पाहून घेतो."

आमचं काम एकच. जिनिंग मिलमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापसाबरोबर खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला तर ठिणगी उडते, हवेच्या नळातून थेट गंजीत जाते आणि मिल पेटते. प्रल्हादचा डबा त्या नळावर बसतो आणि ठिणगी दिसली की पंखा बंद करतो. डब्यात तळहाताएवढा लिनक्सचा संगणक असतो. त्याला लागणारं सगळं, म्हणजे प्रोग्रॅम, सेटिंग, सेन्सर वाचणारा ड्रायव्हर, लॅपटॉपवर नव्यानं तयार होऊन एका फाइलीत बांधलं जातं. ही रूट फाइलसिस्टिमची इमेज. ती कार्डावर उतरवायची, कार्ड डब्यात घालायचं. नियम सोपा: यादीत जे लिहिलं तेच इमेजमध्ये जातं. मला हे काम आवडायचं ते म्हणूनच. प्रल्हादला यादीचा कंटाळा. तो टेबलावरच्या बोर्डात, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या तसल्याच संगणकात, हातानं काहीतरी टाकून बघायचा, चाललं की खूश व्हायचा, आणि यादीत लिहायचं राहून जायचं.

एका हंगामात भैंशाच्या मिलमध्ये चार नवे डबे लागले. मी तेव्हा रजेवर होते; परत आल्यावर सवयीनं इमेजमधल्या नावांची छापील यादी घेऊन एकेका नावावर टिक करत बसले. सेन्सरच्या ड्रायव्हरचं नाव सापडेना.

"टेबलावर तर चालून राह्यलं ना ताई, काऊन भेव दाखवता?" तो हसत म्हणाला. मग हसू थांबलं. टेबलावरच्या बोर्डात तो ड्रायव्हर त्यानं हातानं घातला होता. डब्यांत गेलेल्या इमेजमध्ये तो नव्हताच. चारही डब्यांवर हिरवा दिवा लागलेला, आणि तीन दिवसांपासून त्यातला एकही डबा काहीच बघत नव्हता.

तो गाडी काढून भैंशाला गेला. मी यादीत ती एक ओळ घालून इमेज बांधायला लावली. तिथलं मला रहीमभाईंनी सांगितलं. ते सोबत होते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकरी ओरडत होते, आणि शेठ मिल थांबवायला तयार नव्हता. "लाइट तो हरी है ना, इंजिनियर साब?"

जिनिंगमध्ये काडी पेटवत नाहीत, म्हणून आमची चाचणी जुन्या पिवळ्या बल्बच्या विजेरीनं होते; तिचा उजेड सेन्सरला ठिणगीसारखाच दिसतो. प्रल्हादनं विजेरी सेन्सरसमोर धरली. पंखा चालूच राहिला. दिवा हिरवाच. दुसऱ्या डब्यासमोर धरली... तेच. "शेठ, गलती मेरी है. बंद करो." शेठनं स्वतः खटका ओढला.

इकडे तिसऱ्या तासाला लॅपटॉपची डिस्क भरली आणि काम मधेच तुटलं. मी जुन्या इमेज पुसल्या, पुन्हा सुरू केलं. फोनवर मागून शिव्या ऐकू येत होत्या. तो इतकंच विचारायचा, "ताई, किती राह्यलं?" मी आकडा सांगायचे. संध्याकाळी कार्ड घेऊन मी पोचले तेव्हा तो नळाशेजारी आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा होता. मिल तर बंद होती. "आतल्या कापसात काही धुमसत असलं तर?" म्हणाला. दुपारपासून तो तिथून हलला नव्हता. नवं कार्ड घातलं, पंखा फिरवला, विजेरी धरली. पंखा थांबला. तो कोपऱ्यात जाऊन तोंड धुऊन आला.

त्यानंतर तो यादी लिहायला लागला असं मला म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. थोडी लिहायचा. उरलेलं मी त्याच्यामागे लागून वदवून घ्यायचे.

आता विचारायला तो नाही. वीज जाऊन परत आल्यावर डबा नीट सुरू व्हावा म्हणून तो शेवटचे दोन महिने नवी इमेज करत होता. ती पूर्ण करायला मी बसले. बोर्ड अजून त्याच्याच टेबलावर चालू आहे, मी ते बंद केलेलं नाही. बोर्डातली एकेक फाइल इमेजशी ताडून पाहिली. हातानं टाकलेल्या अकरा गोष्टी निघाल्या. दहा कशासाठी आहेत ते समजलं, त्या यादीत चढवल्या. अकरावी आठ ओळींची छोटी फाइल आहे, तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी लिहिलेली. पंखा थांबवण्याआधी ती सेन्सरला आणखी एकदा विचारते, आणि तिथेच अर्धवट संपते. खोटी ठिणगी टाळायला लिहिली, की नुसतं करून बघत होता? ठेवली तर पंखा थांबायला उशीर होईल. काढली, आणि ती गरजेची असली, तर?

रहीमभाई रोज विचारतात, "ताई, झालं का?" भैंशाची मिल पुढच्या पंधरवड्यात सुरू होते आहे. यादीत अकरा नंबर लिहिला आहे. पुढे अजून काही लिहिलेलं नाही.