भुंडा डावा हात

मी वाशीमजवळच्या मालेगावला ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. बाईचं नाव मला मागाहून आठवतं, आधी तिच्या दंडाचा घेर आठवतो. म्हणून डॉक्टरांनी माझा डावा हात पुढे ओढून मनगटावर पेनने रेघ मारली, तेव्हा मला हसूच आलं. यांचंही आमच्यासारखंच, आधी खूण आणि मग कात्री.

खरं तर हसण्यासारखं काहीच नव्हतं. डोकं ठणकलं की मेडिकलातून गोळी आणायची, गिळायची आणि मशीनवर बसायचं, असं मी कित्येक वर्षं केलं. बीपी कधी मोजलंच नाही. मोजलं तोवर दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आता आठवड्यातून दोनदा वाशीमला जाऊन रक्त धुऊन घ्यायचं, आणि त्यासाठी हातात एक जाड, जोरात वाहणारी शीर पाहिजे. अशी शीर कोणाच्या हातात आयती नसते. अकोल्याचे रक्तवाहिन्यांचे डॉक्टर मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना शिवून ती तयार करतात. फिस्टुला म्हणतात तिला. धमनीचा जोर शिरेत उतरतो, दीड-दोन महिन्यांत शीर फुगते, मग तिच्यात सुया घालता येतात.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरांनी माझा उजवा हात उचलून माझ्याच डाव्या मनगटावर ठेवला. आत गुणगुण चालली होती. शिलाई मशीन चालू असताना फळीवर हात ठेवावा, तशी.

"हे रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं," ते म्हणाले. "थांबलं असं वाटलं की लगेच निघून यायचं, उद्यावर टाकायचं नाही. या हातात सुई नाही, बीपी नाही, घड्याळ नाही, बांगड्या नाहीत. हात डोक्याखाली घेऊन झोपायचं नाही. शरीरात अशा जागा मोजक्याच असतात, ताई. एक गेली की ती गेली."

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

त्याच वर्षी केनवडला नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नाच्या आधी कासारीण घरी येऊन बसते आणि घरच्या साऱ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरते. आधी नवरी, मग तिची आई, मग माम्या, काकू. ही कासारीण जुनी, हाताची मोठी सफाईदार. बांगडी मनगटात खेळली तर तिला स्वतःचा अपमान वाटायचा. अंगठ्याखालचं हाड दाबत, तोंडाने गप्पा मारत ती अशी घट्ट बांगडी चढवायची की बाई ओरडेपर्यंत बांगडी बसलेली असायची. आणि एकदा भरलेली बांगडी लग्न लागेपर्यंत काढायची नाही.

मी उजवा हात पुढे केला. ती म्हणाली, "डावा दे आंधी."

"डाव्यात नाही भरायच्या. ऑपरेशन झालं हाय."

साऱ्या जणींनी नाकं मुरडली. मग माझी सासू बोलली. तिला मी आत्याबाई म्हणते. सासरे जाऊन तेव्हाच सतरा-अठरा वर्षं झालेली, तेव्हापासून तिचे दोन्ही हात मोकळे. ती म्हणाली, "अवं, नवरा जित्ता असून एक हात भुंडा ठेवतं का कोनी? लोकं काय म्हनतीन? भुंड्या हाताचं दुख मले माईत हाय, तुले नाही. दोन दिवसाचा तं सवाल हाय, भरून घे."

मी हात दिला.

यात आत्याबाईंची चूक किती आणि माझी किती, हा हिशेब मी पुष्कळदा करून पाहिला आहे. कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. गिऱ्हाईक मापात एक बोट इकडचं तिकडं करा म्हणालं तर मी त्याला दुकानाबाहेर काढते, आणि तिथे चार बायकांनी नाक मुरडलं तर माझी जीभ टाळ्याला चिकटली. स्वतःच्या त्या मुकाटपणाची मला अजून चीड येते.

रात्री मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी हळद लागली तेव्हा गुणगुण मंद वाटली. मी मनाची समजूत घातली की सुजेमुळे कळत नसेल. लग्नाच्या दिवशी सकाळी हात ठेवला, तर आत काहीच नाही. पुन्हा ठेवला. मनगट कानाला लावलं. काही नाही.

मी अंगणात गेले आणि मसाल्याच्या पाट्यावर हात आपटून डाव्या हातातल्या साऱ्या बांगड्या फोडल्या. मांडव दारात, सनई सुरू, आणि घरची सवाष्ण बाई पाट्यावर बांगड्या फोडून राह्यली! नणंद तोंडावर पदर दाबून रडायला लागली. आत्याबाई "अवं, येडी झाली का तू?" म्हणत धावल्या. मी म्हटलं, "तिकडं लगन लागू द्या. मी अकोल्याले चालली." आमच्या ह्यांनी काही न विचारता गाडीला किक मारली, एवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे.

उशीर झाला होता. डॉक्टरांनी शिरेत साकळलेल्या रक्ताची गाठ काढून पाहिली, पण शीर पुन्हा चालली नाही. ते रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "आता कोपराजवळ करू," एवढंच म्हणाले. नवी शीर तयार होईपर्यंत रक्त धुण्यासाठी तीन महिने माझ्या मानेत नळी होती. त्या नळीतून थंडी वाजून ताप यायचा, आणि डोक्यावरून पाणी घ्यायची सोय नव्हती. त्या तीन महिन्यांत मी ठरवलं की या हाताच्या बाबतीत पुन्हा कोणाचं ऐकायचं नाही, देव आला तरी नाही.

मग मी कामाला लागले. माझ्या सगळ्या ब्लाउजांच्या डाव्या बाह्या उसवल्या आणि खांद्यापासून खालपर्यंत हुक लावले, म्हणजे सुया घालताना बाही उघडता येते आणि दंडाला काच बसत नाही. वाशीमला शेजारच्या पलंगावरच्या बायकांनी ते पाहिलं. आता त्यांचेही ब्लाउज मीच शिवते.

आत्याबाईंनी मला कधी "चुकलं माहं" म्हटलं नाही. म्हणणारी बाईच नाही ती. पण दुसरं ऑपरेशन झालं आणि रोज पहाटे ती माझ्या उशाशी यायला लागली. चूळ भरायच्या आधी, चुलीपाशी जायच्या आधी, माझ्या कोपरावर हात ठेवून डोळे मिटून उभी राहायची. "चालू हाय," म्हणायची आणि चहा मांडायला जायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "मी पाह्यलं वो आत्ताच!" तर म्हणाली, "तुह्यावर भरोसा नाही मले."

या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी तीच कासारीण आमच्या ओसरीवर टोपली उघडून बसली. नवरीचे हात भरले. मग माझी पाळी. मी उजवा हात दिला, तिने भरला, आणि डाव्या हातासाठी बांगड्या मोजून हातात घेतल्या.

"डावा नाही," मी म्हटलं.

"तुहं ते आता वर कोपरात हाय ना? मंग खाली मनगटात भरल्यानं काय होते?"

"त्या आख्ख्या हातात घट्ट काही चालत नाही. नाही म्हंजे नाही."

"पोरीच्या लग्नात मायचा हात भुंडा?" मागून एक चुलतसासू बोलली. "पोरीले भोवते हे असं." आता हे बोलायचं होतं का? पोरीचं नाव काढलं की आई वितळते, हे साऱ्यांना ठाऊक. नवरी खाली मान घालून बसली होती. कासारीण त्या बांगड्या हातात धरून वाट पाहत होती, कारण एका हाताच्या भरून दुसऱ्या हाताच्या परत टोपलीत टाकणं त्यांच्यात मोठं अशुभ.

मला आला राग. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, अशा वेळी विधवा बाया बसतात तशा, थोड्या लांब. मी उठले, त्यांचा उजवा हात धरला आणि त्यांना ओढत टोपलीपुढे आणलं.

"उरलेल्या ह्यांच्या हातात भर."

"सोड वं!" आत्याबाई हात सोडवायला लागल्या. "मालक जाऊन वीस वर्सं झाली. माह्या हातात कायच्या बांगड्या?"

"मालक गेले, हात तं हाय ना? रोज पहाटे माह्या शिरेवर हाच हात ठेवता ना तुमी? पोरीची माय जित्ती हाय का नाही, हे ह्याच हाताले आंधी समजते. मंग ह्याच्याएवढा चांगला हात ह्या घरात दुसरा कोनाचा हाय, सांगा!"

चुलतसासू उठून आत गेली. कासारीण माझ्याकडे पाहत होती, मी आत्याबाईंकडे. मग त्यांनी सोडवून घ्यायची धडपड थांबवली, मांडी घातली आणि हात पुढे केला.

"ढिल्या भर वं," त्या कासारणीला म्हणाल्या. "मांगच्या वक्ती हिले लय घट्ट भरल्या होत्या तुनं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला काचेच्या किणकिणाटाने जाग आली. आत्याबाई उशाशी उभ्या होत्या. माझ्या हाताला काच लागू नये म्हणून डाव्या हाताने त्यांनी त्या हिरव्या बांगड्या पार कोपरापर्यंत सारून धरल्या होत्या. तळवा शिरेवर ठेवला, डोळे मिटले.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. "ऊठ आता. पोरीचं लगन हाय."