पोटरीवरची रेघ

अमेरिकेतल्या बायांच्या पायांवर मी रेघा ओढल्यात, आणि त्याही कुवेतच्या अब्बासियात, माझ्या हॉलमध्ये फतकल मारून! कुणाला सांगितलं की म्हणतात, हिला ऊन लागलंय. लागू दे. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे, पण अजून सांगायला बसले की माझा श्वास पुरत नाही.

मी मेंदी काढते. रत्नागिरीकडे आमच्या गावात होते तेव्हा ती हौस होती, कुवेतला आल्यावर धंदा झाला. ईद असो, लग्न असो, पुण्या-नाशिकच्या वहिनींची मंगळागौर असो, आमच्या गल्लीतल्या बाया माझ्याच दारात. घरात कायम मेंदीत घालायच्या नीलगिरीच्या तेलाचा वास. माझी लेक अकरावीत आहे, तिला तो वास आवडायचा नाही. मैत्रिणींना घरी आणायची नाही, आणि मी शाळेत येते म्हटलं की, "नो नीड, अम्मी." मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीत. पालकसभेला अब्बा, प्रगतिपुस्तकाला अब्बा. आई काय करते असं कुणी विचारलं, तर म्हणे 'हाउसवाइफ'. माझ्या जिवाला लागायचं हो, खोटं कशाला बोलू! एवढ्या नवऱ्या सजवल्या या हातांनी, आणि घरच्या पोरीला त्यांची लाज? माझं एकच मागणं होतं, या पोरीनं एकदा चारचौघांत म्हणावं, हे माझ्या आईनं केलंय. बस्स. दुसरं काही नको होतं मला.

त्या हिवाळ्यात शाळेत मुलींच्या विभागाचा कार्यक्रम होता, बघायला फक्त आया-बहिणी. इतिहासाच्या टीचरनी विषय दिला, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका. पण बंदुका-तोफा नाहीत. नवरे, भाऊ लढाईवर गेलेले, आणि मागं राहिलेली माणसं काय खात होती, काय घालत होती, कशावर नाचत होती, ते दाखवायचं. माझ्या लेकीनं, आमच्या बाईसाहेबांनी, त्यातला प्रवेश लिहायला घेतला आणि लढाई आमच्या घरात शिरली.

रोज जेवायला बसलं की नवी बातमी. साखर कुपनावर! कॉफी कुपनावर! लोणी, मटण, चामड्याच्या चपला, सगळं कुपनावर. वस्तूचा भाव सरकार ठरवणार आणि दुकानदारानं तो भिंतीवर लावायचा, एक सेंट जास्त घेतला तर बाया तक्रार करणार. मी म्हटलं, "म्हणजे पैसे मुठीत आणि साखर नाही? आमच्या गावात रॉकेलची तीच गत होती." ती म्हणाली, "एक्झॅक्टली, अम्मी!" आणि जेवता जेवता उठून मला वहीतलं वाचून दाखवायला लागली. माझा घास हातातच! कितीतरी बाया पहिल्यांदाच कारखान्यात कामाला लागल्या, हातात पगार आला, पण घ्यायला दुकानात काही नाही. मग तो पैसा कुठं जाणार? सिनेमाला आणि नाचाला. सुट्टीवर आलेले सैनिक, रेडिओवर ट्रंपेट, आणि पोरी गरागरा फिरतायत. तिचे अब्बा शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात असतात, दिवसभर उभं राहून दमून येतात. ते म्हणाले, "ती लढाई संपून जमाना झाला, माझं कालवण इथं गार होतंय, त्याचं बघा कुणीतरी." पण आम्हा दोघींना कुठली भूक!

मग तिनं मोज्यांचं सांगितलं. त्या बाया फ्रॉकखाली अंगाच्या रंगाचे तलम मोजे घालायच्या, मागं टाचेपासून वर शिवण गेलेली. लढाई आली, रेशीम बंद झालं, नायलॉन गेलं पॅराशूटला. मोजे नाहीत तर नाचाला जायचं कसं? तर उघड्या पायावर, पोटरीच्या मधोमध, भुवयांच्या पेन्सिलनं रेघ ओढायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मोजे आहेत.

मी हातातला चमचा खाली ठेवला. या अल्ला, काय बाया होत्या! नाक कापलं जाऊ द्यायचं नाही म्हणजे नाही.

"पण मागची रेघ स्वतःची स्वतःला कशी येईल ओढता?" मी विचारलं. धंद्याची खोड.

"तोच तर सीन आहे!" ती म्हणाली. एक पोरगी दुसरीला विचारते, या लढाईत तुला मोजे मिळाले कुठून? ही वळते, टाच उचलते आणि सांगते, मोजे नाहीत, माझ्या बहिणीनं रेघ ओढलीय. मग ट्रंपेट वाजतं आणि नाच सुरू.

"बहिणीनं का? आई काय मेली होती तिची?"

"अम्मी, आयांना असलं आवडायचं नाही तेव्हा."

मला काही ते पटलं नाही.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात ती शाळेतून तोंड पाडून आली. तालमीत नाचताना पेन्सिलीच्या रेघा घामानं फिस्कटल्या, पाचही पोरींचे फ्रॉक काळे झाले. टीचर म्हणाल्या, राहू दे तो हट्ट, तपकिरी मोजे घाला सरळ. पोरीच्या डोळ्यांत पाणी. "मोजे घातले तर सीनच उरत नाही. मोजे नव्हते, हाच तर सीन आहे!"

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. कमरेवर हात. "घामानं जात नाही असं काहीतरी या घरात आहे, तुला कधी वास नाही आला त्याचा?"

ती हळूच म्हणाली, "फक्त रेघ, अम्मी. नो डिझाइन. अमेरिकेत मेंदी नव्हती. प्रॉमिस?"

"वचन," मी म्हटलं. वचन द्यायला काय जातं!

शुक्रवारी दुपारी पाचही जणी आमच्याकडे. पहिल्यांदा! अब्बांना मी दुकानातल्या मित्राकडे पिटाळलं. बघा, तळहात आणि तळपाय मेंदी पटकन धरतात, पोटरी मोठी लबाड, तिथं रंग फिका येतो. म्हणून मेंदी मी आदल्या रात्रीच भिजवली होती, चांगली दाट. एकेकीला पाटावर उभं केलं, मी मागं बसले. "दोन्ही पायांवर सारखा भार दे गो, नाहीतर रेघ गावाला जाईल!" रेघ झाली की तिला चटईवर पालथी झोपवायची, वर लिंबू-साखरेचं पाणी टिपायचं. चौघी जणी ओळीनं पडलेल्या, बांगडे सुकत घातल्यासारख्या. रंग चढावा म्हणून मधूनच तव्यावर लवंगा टाकून मी तो तवा त्यांच्या पायांजवळून फिरवत होते. आणि भूक लागली म्हणून कुरकुर सुरू झाली तेव्हा तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं सुकं, माझ्या हातानं एकेकीच्या तोंडात. एक केरळची पोर मला म्हणाली, "आंटी, यू आर सो कूल." मी म्हटलं, बघ, ऐक, तुझीच मैत्रीण बोलतेय. लेकीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण गालात हसत होती.

सगळ्यांत शेवटी तीच उभी राहिली. तोल जाऊ नये म्हणून तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवला होता तो हात याआधी? चालायला शिकत होती तेव्हा. उजव्या पायाची रेघ झाली. डावी वरून खाली आणत टाचेजवळ पोचले, आणि ती खुदकन हसून म्हणाली, "अम्मी, गुदगुल्या होतायत."

मराठीत! कुणी न सांगता, मैत्रिणींच्या देखत! माझं काळीज असं भरून आलं की हाताचा लगामच सुटला. बघते तर रेघेच्या टोकाला, टाचेच्या जरा वर, एक कोयरी. आत तीन टिपके. वर देठ.

"अगो बाय! मेले मी!"

माझ्या पोटात काही राहत नाही, तोंडातून निघालंच. चौघी पालथ्या पडल्या पडल्या माना वळवून बघायला लागल्या. "हाऊ क्यूट! आंटी, आम्हाला पण!" लेकीनं मोबाइलवर टाचेचा फोटो काढला आणि बघितला. तिचं तोंड उतरलं.

"यू प्रॉमिस्ड."

पुसायला जावं तर ओली रेघही फिस्कटणार. आणि माझी मेंदी धरते कशी पटकन, याची तर मी गावभर बढाई मारते! त्या दुपारी त्या बढाईनंच माझं थोबाड फोडलं. मी म्हटलं, "चुकलं बाय माझं." ती चटईवर पालथी पडली, तोंड भिंतीकडे. मैत्रिणी गेल्या, तरी तोंड भिंतीकडेच.

सकाळी रंग बघितला आणि आनंद मानू की रडू, कळेना. कडक चहासारखा तपकिरी! रेघ अशी सरळ, की खरी शिवण वाटावी. आणि कोयरी तर त्याहून सुंदर चढलेली, बया. लेकीनं औषधाच्या डब्यातून चिकटपट्टी घेतली, चप्पल चावली की लावतात ती, आणि कोयरीवर दाबून बसवली. मी बघत होते. माझी तक्रार नव्हती. तिचा प्रवेश, तिची अमेरिका. पण आत कुठेतरी चिमटा बसलाच. कार्यक्रमाचा पास फ्रिजवर लावलेला होता. ये म्हणाली नाही, येऊ नको म्हणाली नाही. मी बुरखा चढवला आणि गेले.

हॉल गच्च भरलेला. पडदा उघडला तर समोर किराण्याचं दुकान, भिंतीवर सरकारी भाव. एक पोरगी नोटा नाचवत साखर मागते, दुकानदारीण मान हलवते, कुपन कुठाय? ती पर्स उलटी करते, कुपन नाहीच! शेजारच्या बाया खो खो हसल्या. मी हसले नाही, मी माझ्या रेघांची वाट बघत होते. मग रेडिओ लागला, फ्रॉक घातलेल्या पोरी आरशासमोर ओठ रंगवायला लागल्या. पाचही जणींच्या पोटऱ्यांवर माझ्या रेघा. मागून एक बाई कुजबुजली, "मोजे कुठून आणले असतील गं एवढे छान?" माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

मग तो प्रश्न आला. केरळच्या पोरीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, या लढाईत तुला मोजे मिळाले कुठून?

माझी लेक वळली. पाठ लोकांकडे. टाच उचलली. पट्टी दिसली मला, डाव्या पायावर. आता म्हणेल बहिणीनं, मी मनात म्हटलं, आणि वाजेल ट्रंपेट, आणि झालं.

ती बोललीच नाही. थांबली. मला वाटलं, विसरली! मी खुर्चीच्या कडेला आले. तेवढ्यात ती वाकली, पट्टीचं टोक नखानं धरलं आणि ओढून काढली. भरल्या स्टेजवर! दिव्याच्या उजेडात माझी कोयरी, तीन टिपके, वर देठ.

हॉलभर बाया, सगळ्यांनी कधी ना कधी मेंदीला हात पुढं केलेले. एक मोठी "ओऽऽ" उठली.

खांद्यावरून मान वळवून, त्या अंधारात कुठंतरी मला शोधत, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नो स्टॉकिंग्ज. माय मदर ड्रू इट."

ट्रंपेट वाजलं. नाच सुरू झाला. पण मी कुठली बसतेय! उभी राहिले आणि गळा काढून ओरडले, "मी! मीच ती आई! माझी पोरगी आहे ती!" पुढच्या बाया वळून बघतायत, कुणीतरी बुरखा ओढून खाली बसवतंय, आणि स्टेजवर नाचता नाचता माझी लेक हसतेय, आणि प्रत्येक गिरकीला डावी टाच जरा जास्तच वर उचलतेय.