चिंच, काथ्या आणि काळी गाडी

नवी गाडी घरी आली त्या आठवड्यात गारखेड्यातल्या चिमण्यांनी आमच्या गल्लीवरून उडणं सोडलं होतं. हिच्या टपावर पाय घसरतात, अशी बातमी त्यांच्यात पसरली होती. खोटं वाटत असेल तर शेजारच्या चाचांना विचारा. ते तिच्या चकचकीत दारात तोंड बघून दाढी करायचे. एकदाच केली, तीही अर्धी, पण केली.

रंग काळा. पिकल्या जांभळाचा असतो तसा. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, "साहेब, काळा रंग घेऊ नका, सांभाळणं अवघड जातं." मी म्हणालो, मला अवघडच हवंय. आणि सांभाळायचं म्हणजे किती सांभाळावं? ऑफिसला मी जुन्या स्कूटरवर जायचो. गाडी नेली असती तर तिच्यावर जालना रोडची धूळ बसली असती ना! संध्याकाळी घरी येऊन तिचं कव्हर काढायचो, मऊ फडक्यानं तिला पुसायचो, आणि पुन्हा कव्हर घालायचो. दीड महिन्यात ती शंभर किलोमीटरसुद्धा चालली नाही, पण पुसणारा मी मात्र तिच्याभोवती फिरून फिरून मुंबईपर्यंत जाऊन आलो असेन.

खरी अडचण पाण्याची. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. त्या दिवशी गल्लीतले लोक ऑफिसात पोट दुखल्याचं कळवतात. अशा पाण्यातल्या दोन बादल्या मी गाडीसाठी मागितल्या, तेव्हा बायकोनं गाडीच्या शाम्पूची बाटली उचलून वरची किंमत वाचली.

"माझ्या केसांना कधी आणला होता का हो एवढा महागाचा?"

"तुझे केस ओरिजिनल आहेत," मी म्हणालो. "हिला वॉरंटी आहे."

एक बादली मिळाली.

याच दिवसांत आई आमच्याकडं होती. वडील गेल्यापासून ती गावी एकटीच राहायची, चितेगावच्या पुढं. मी तिला कायमची आणली होती आणि ती चार दिवसांसाठी आली होती. रोज सकाळी चहा पिताना म्हणायची, "शनिवारी जाते मी." पहिल्या शनिवारी मी सांगितलं, पैठण रस्त्यावर बिबट्या बसलाय, एसट्या बंद आहेत. दुसऱ्या शनिवारी सांगितलं, बिबट्याची बायको बसलीय. मग दर शनिवारी त्याचं एकेक पिल्लू बसवलं; आता कुणाला बसवावं, ते सुचत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. माझ्या बऱ्याच गोष्टी मी फुगवून सांगतो. ही मला फुगवता येत नाही. तिला परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

पण तिला इथं करमत नव्हतं. धुणं मशीन करायची, भांडी बाई घासायची. तिनं झाडू उचलला की बायको तो हातातून घ्यायची, "आई, तुम्ही बसा." भाजी निवडायला घेतली की मी म्हणायचो, "आई, तू आराम कर." एकदा तिनं गाडीच्या गरम बॉनेटवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात मिरच्या वाळत घातल्या. बायकोनं हे केलं असतं तर मी तीन दिवस बोललो असतो. आईला मी हसून म्हणालो, "इथं ऊन कमी लागतं गं," आणि ते धडपं दोन्ही हातांनी, ताटातला प्रसाद उचलावा तसं उचलून गच्चीवर नेलं. त्या दिवशी जेवताना तिनं शनिवारचा विषय दोनदा काढला.

मग एका आठवड्यात नळ आलाच नाही आणि माझ्या हाताला चैन पडेना. भर दुपारी, उन्हात, बोअरच्या पाण्यानं मी गाडी धुतली. आमच्या बोअरचं पाणी किती खारं? त्यात साबण टाकला तर साबणच रडतो. पाणी वाळलं आणि काळ्या बॉनेटवर पांढरे ठिपके उमटले. जणू कुणी रांगोळी घालायला घेतली आणि मधेच उठून गेलं. मी पुसलं, शाम्पू लावला, वॅक्स लावलं. ठिपके हलले नाहीत. जेवताना मी एवढा विव्हळलो, की पलीकडं चाचांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"हंड्याला बसतात तसे का रं डाग?" आईनं विचारलं.

"तसेच. पण हा हंडा नाही, आई."

"व्हय, ते दिसतंय मला," ती म्हणाली आणि भाताचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर कव्हर बाजूला घडी घालून ठेवलेलं. बॉनेटशी आई उभी, पदर खोचलेला. पाटावर वाडग्यात कोळलेली चिंच आणि हातात नारळाचा काथ्या. तो काथ्या तिनं आयुष्यभर तांब्याच्या हंड्यांवर चालवला होता. तिचे हंडे असे लखलखायचे, की गावात दिवसा कुणी त्यांच्याकडं बघायचं नाही, डोळे दिपायचे.

"गेले बघ डाग," ती म्हणाली. दीड महिन्यात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

डाग खरंच गेले होते, एकूण एक. त्यांच्या जागी बॉनेटभर गोल गोल ओरखडे होते, बारीक, दाट, एकात एक. मावळतीचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि माझं जांभूळ कुणीतरी किसणीवर धरल्यासारखं दिसत होतं.

मी आतून ओरडलो. बाहेर आवाज निघाला तो असा: "वा! छान झालं की. नव्यापेक्षा नवी दिसतेय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग बॉनेटकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"दारं बी घासू का मग?"

"दारं..." माझी जीभ, जिनं अख्खा बिबट्या सहकुटुंब पैठण रस्त्यावर बसवला होता, ती टाळूला चिकटली. "दारं नको. दमशील."

तिनं काथ्या वाडग्यात टाकला. "मला एका डोळ्यानं कमी दिसतं, पण दुसऱ्यानं दिसतं ना रं. वाटोळं झालंय गाडीचं. अन् तू छान म्हणतो?"

"अगं, एवढं काही..."

"बायकोला बोलतो. पोरांना बोलतो. काल त्या कुरिअरवाल्याला बोलला. मला नाय बोलत. मी काय पाव्हणी हाय का इथली?" ती पदर सोडायला लागली. "पाव्हणीनं किती दिवस राहावं, त्याला काही सुमार असतो. शनिवारी जाते मी. अन् बिबट्या आला तर त्याला बी चिंच लावीन."

तेव्हा मला कळलं, मी दीड महिना काय करत होतो ते. गाडीला कव्हर घालत होतो आणि आईलाही.

मग मी बोललो. म्हणजे काय, गारखेड्यातल्या माझ्या आवाजानं पार हर्सूल तलावातले बगळे उडाले असतील. "अक्कल आहे का? काथ्या? गाडीला काथ्या? विचारायचं नाही? फोन करायचा नाही? लाखोंची गाडी आहे, ती काय तुझी घागर आहे?"

आईचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मी घाबरलो. मग तिनं कमरेवर हात ठेवला.

"अन् तुला काय अक्कल हाय? भर उन्हात बोअरच्या पाण्यानं धुतं का कुणी? शेंबडं पोरगं बी सांगंल! माझ्या नव्या हंड्याला पोचा पाडलास चौथीत असताना, तवा बोलले का मी काही?"

"बोललीस! लाटण्यानं बोललीस!"

"मग? आज बी हाय घरात लाटणं!"

बायको दारात आली आणि ओठ आवळून उभी राहिली. चाचा भिंतीवरून डोकावले. ते आयुष्यभर गाड्यांच्या रंगकामात होते. "अरे भाई, अम्मा को क्यों डांट रहे?" त्यांनी बॉनेट बघितलं, हळहळले, मग म्हणाले, "रबिंग करून पॉलिश मारू. आधे दिन का काम है. उद्याच करून देतो."

"उद्याची काही घाई नको," आई म्हणाली. "ह्यानं मला एवढं सुनावलंय, आता हे निस्तरल्याबिगर मी कशी जाऊ? लोक काय म्हणतील, म्हातारी गाडी खरवडून पळाली?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. आमची नजरानजर चिमण्यांच्या लक्षात आली नसेल इतकी झटपट झाली.

"अम्मा, नीट बघितलं तर," चाचा बॉनेटवर बोट फिरवत गंभीरपणे म्हणाले, "काम बहोत बडा है. साल तो लगेगा."

ओरखडे अजून आहेत. चाचा दर महिन्याला येऊन ते तपासतात, मान हलवतात आणि आईच्या हातचा चहा पिऊन जातात. गाडी आता मी ऑफिसलाही नेतो. तिच्यावर जालना रोडची धूळ बसते. नळाच्या दिवशी आई एक बादली बाजूला काढते, मऊ फडकं मीच धरायचं असा तिचा हुकूम असतो, आणि मी कुठं ओलं सोडलं की ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मला बोलते.