स्लॅब पडला

“आजी, स्लॅब पडला!” एवढं ओरडून गवंड्याने फोन ठेवला. मुलगा आणि सून नव्या घराच्या कामावरच होते. मी गॅस बंद केला नि अनवाणी धावले.

काँक्रीटच्या मिक्सरच्या आवाजात राहून हा माणूस हळू बोलायचं विसरलाय. चहा मागितला तरी अख्ख्या वाडीला ऐकू जातो. चिऱ्याची भिंत पुरी झाली की तिला म्हशीसारखी थोपटतो.

जाऊन बघते तर स्लॅब जागच्या जागी, आणि हा खाली जिलबी वाटतोय.

“मेल्या, पडला म्हणालास ना?”

“ओतून झाला की पडलाच म्हणतात, आजी! कोसळला असता तर कोसळला म्हटलं असतं.”

त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग जिलबी घेतली. सगळे धडधाकट होते. मरता मरता वाचले ती मी एकटी.